सीटची उंची आणि गुडघा : रोड सायकल व ट्रायथलॉन सायकल यांच्या निमित्ताने

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा माझ्याकडून सिकलसेल, मधुमेही पाऊल किंवा फार तर उतारवयातील हाडांची झीज अशा एखाद्या विषयाची अपेक्षा असावी. हे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर आपल्यापैकी अनेकांनी अधिकाराने लिहिलेही आहे. मी मात्र या खेपेस सायकलच्या सीटवर लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मलाही तो तसाच वाटत होता. एका रुग्णाच्या बाबतीत माझी जी चूक झाली तिने तो समज दूर केला. म्हणून प्रथम ती चूकच सांगतो.

सौंसरपासून जवळच्याच एका गावातील संत्रा बागायतदाराचा मुलगा, वय तिशीच्या आत, दोन्ही गुडघे पुढच्या बाजूने दुखतात म्हणून माझ्याकडे आला. जिना उतरताना व उकिडवे बसून उठताना दुखणे वाढे. मार लागल्याचा इतिहास नव्हता, सूज नव्हती, ताप नव्हता. गुडघ्याच्या वाटीवर दाब देऊन मांडी आवळायला सांगितली की तो ओठ चावी. एक्स-रे स्वच्छ होता. मी नेहमीचे निदान केले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, मांडीचे व्यायाम दाखवले, विश्रांती सांगितली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. गोव्याच्या ट्रायथलॉन स्पर्धेची तयारी करतो आहे, हे त्याने बोलता बोलता सांगितले होते. मी ते ऐकले, पण केसपेपरवर लिहिले नाही. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. आता दुखणे पुढून मागे गेले होते. गुडघ्याच्या खोबणीत व मांडीच्या मागच्या शिरेत ओढ होती, आणि कंबरही धरली होती. पाच दिवसांच्या गोळ्यांनी दुखण्याने जागा बदलल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नव्हते. तेव्हा कुठे मी विचारले, की मधल्या काळात नेमके काय बदलले? उत्तर आले, "साहेब, कोणी तरी म्हणालं सीट खाली आहे, म्हणून दोन इंच वर केली."

आपल्या भागातील अस्थिरोगाचे काम कसे असते ते वाचक जाणतातच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीच्या पात्रात गोटमार होते आणि त्या संध्याकाळी डोकी व हातपाय किती येतील याचा आडाखा आपण आधीच बांधून ठेवतो. झाडावरून पडलेला, ट्रॅक्टरखाली सापडलेला, मोटारसायकलवरून घसरलेला रुग्ण आपण अचूक ओळखतो, कारण तेथे घाव एकदाच आणि मोठा बसलेला असतो. अगदी लहान घाव हजारो वेळा बसून जे दुखणे होते, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. सायकलस्वार मिनिटाला साधारण पंचाऐंशी वेळा पेडल फिरवतो असे धरले, तर तीन तासांच्या फेरीत प्रत्येक गुडघा पंधरा हजारांहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट दोन सेंटिमीटरने चुकली असेल तर ती चूक पंधरा हजार वेळा होते.

हा विषय आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, पहिल्याच प्रयत्नात, बारा दिवसांच्या आत पार केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून अधिक अंतर सायकलवर तोडले. तिघेही डॉक्टर, ही गोष्ट आपल्या मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीला मिरामार किनाऱ्यावर अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा प्रथम झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप आहे. या सर्वांची बेरीज मैलांत ७०.३ होते, म्हणून ती त्या आकड्याने ओळखली जाते. तेव्हापासून नागपूरकडची तरुण मंडळी महागड्या सायकली घेऊ लागली, आणि त्यांतल्या काही जुन्या होऊन आपल्या तालुक्यांतही येऊ लागल्या. सावनेरच्या दिशेने पहाटे निघालात तर पाठ अगदी आडवी करून, कोपरे हँडलवर टेकवून जाणारा एखादा स्वार आता आपल्याही रस्त्यावर दिसतो.

ती जी कोपरे टेकवायची सायकल, ती ट्रायथलॉन सायकल. रोड सायकल म्हणजे वाकड्या शिंगांच्या हँडलची, सर्वसाधारण शर्यतीची सायकल. माझ्या रुग्णाजवळ दोन्ही होत्या. रोड सायकलवर दोन वर्षे त्याला काहीही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो जुनी ट्रायथलॉन सायकल विकत घेतल्यानंतर. पुढच्या रविवारी दोन्ही सायकली घेऊन ये, असे मी त्याला सांगितले. दवाखान्याच्या मागच्या अंगणात आम्ही जे मोजमाप केले, तोच या लेखाचा गाभा आहे.

प्रथम रोड सायकल. तिची सीट किती उंच असावी, याचे ठोकताळे फार जुने आहेत. सर्वांत सोपा म्हणजे टाचेचा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा. नंतर पावलाचा चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. १९६७ मध्ये हॅम्ली व थॉमस या संशोधकांनी असे मांडले, की जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची लांबी घ्यावी आणि खालच्या पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर तिच्या १०९ टक्के ठेवावे. पुढे फ्रेंच प्रशिक्षक सिरील गिमार व त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांच्या नावाने दुसरे सूत्र रूढ झाले. त्यात पायाच्या लांबीला ०.८८३ ने गुणतात आणि येणारे अंतर क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे जेथे क्रँकचा आस फ्रेममधून जातो त्या बिंदूपासून, सीटच्या माथ्यापर्यंत मोजतात. पायाची लांबी घेताना भिंतीला पाठ लावून, बूट काढून उभे राहावे आणि एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर दाबून धरावे. आम्ही औषधशास्त्राचे एक जुने पुस्तक वापरले. इतक्या वर्षांत त्याचा तेवढाच उपयोग झाला! आमच्या तरुणाची लांबी ८२ सेंटिमीटर भरली. ०.८८३ ने गुणता ७२.४ येतात, आणि त्याच्या रोड सायकलची सीट बरोबर तेवढ्यावरच होती.

परंतु सूत्र हे सरासरी माणसासाठी असते. कोणाची मांडी लांब, कोणाची पोटरी. कोणी टाच खाली दाबून पेडल मारतो, कोणी चवडा रोखून. म्हणून १९९० च्या दशकापासून वैद्यकीय क्षेत्रातील मंडळी लांबीऐवजी कोन मोजू लागली. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण सरळ स्थितीपासून २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, हा होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेला निकष आज सर्वत्र वापरतात. मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचे बाहेरचे हाड या तीन खुणा धरून साध्या गोनिओमीटरने तो मोजता येतो. पेव्हेलर यांच्या अभ्यासात असेही दिसले, की लांबीच्या सूत्राने लावलेली सीट पुष्कळ स्वारांच्या बाबतीत या कोनाच्या मर्यादेबाहेर जाते. एक सावधगिरी मात्र हवी. स्थिर बसून मोजलेला कोन आणि प्रत्यक्ष पेडल मारताना चित्रफितीवरून मोजलेला कोन एक नसतो. चालत्या स्थितीत वाक साधारण पाच ते दहा अंशांनी जास्त भरतो. एकाच्या मर्यादा दुसऱ्याला लावू नयेत.

सीट खाली असली तर प्रत्येक फेऱ्यात गुडघा नको तितका वाकतो, मांडीचा स्नायू वाटीला मागच्या हाडावर जोराने दाबतो आणि दुखणे पुढे येते. सीट वर असली तर पाय पेडल गाठण्यासाठी ताणला जातो. हॅमस्ट्रिंग ओढली जाते, टाच उचलून पोटरी थकते, कमरेचे हाड प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे झुलते आणि त्यातून कंबरदुखी उद्भवते. पुढून दुखले तर सीट खाली, मागून दुखले तर सीट वर, हा ठोकताळा नेहमीच खरा ठरतो असे नाही. पण विचारणा कोठून सुरू करावी हे तो सांगतो. माझ्या रुग्णाने ही दोन्ही प्रकरणे तीन आठवड्यांत ओळीने दाखवली होती आणि मी पहिले पान न वाचताच दुसरे उलटले होते.

आता ट्रायथलॉन सायकल. तिचे वेगळेपण उंचीत नाही, कलण्यात आहे. सीटचा दांडा ज्या नळीत बसतो ती नळी रोड सायकलमध्ये जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांचा कोन करते. ट्रायथलॉन सायकलमध्ये तोच कोन ७६ ते ८० अंशांपर्यंत उभा होतो, म्हणजे सीट पुढे सरकून जवळजवळ क्रँकच्या माथ्यावर येते. याचे कारण वाऱ्यात आहे. वेगाने जाणाऱ्या स्वाराची बरीच शक्ती हवा कापण्यात जाते. पाठ आडवी केली आणि कोपरे जवळ घेतली की हवेचा अडथळा कमी होतो. परंतु रोड सायकलच्या सीटवर बसून पाठ आडवी केल्यास मांडी पोटावर येते, खुब्याचा कोन मिटतो, श्वास कोंडतो आणि पेडलच्या वरच्या टप्प्यात जोर लागत नाही. त्यावर उपाय असा, की सबंध शरीरच क्रँकच्या मध्याभोवती पुढे फिरवायचे. भिंतीवरच्या तसबिरीचा खिळा खालच्या कोपऱ्यात आहे असे समजा. तसबीर त्या खिळ्याभोवती थोडी पुढे झुकवली तर आतील चित्र बदलत नाही, फक्त कलते. तद्वत खुबा, गुडघा व घोटा यांचे परस्परांतील कोन तेच राहतात आणि पाठ मात्र आडवी होते.

हा विचार १९८० च्या दशकात अमेरिकेतील ट्रायथलॉनपटूंमध्ये आकारास आला. १९८९ मध्ये डॅन एम्पफील्ड यांनी अशी उभ्या नळीची सायकल बाजारात आणली. कोपरे टेकवायचे हँडलही त्याच सुमारास आले. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये लेमाँड तेच हँडल लावून अखेरच्या दिवशी केवळ आठ सेकंदांनी विजयी झाला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांनी रोड शर्यतींत सीटचे नाक क्रँकच्या मध्याच्या मागे ठेवण्याचे बंधन घातले आहे. ट्रायथलॉनच्या लांब शर्यतींना ते बंधन नव्हते, म्हणून ही घडण तेथे फोफावली. मात्र ट्रायथलॉन म्हटले की ही सायकल आलीच, असे समजू नये. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये जी ट्रायथलॉन होते तिच्यात स्वार एकमेकांच्या मागे घोळक्याने जाऊ शकतात, आणि तेथे रोड सायकलीच वापरतात. आणखी एक लाभ सांगितला जातो, तो सायकलीवरून उतरल्यानंतरच्या धावण्याचा. गार्साइड व डोरन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८१ अंशांच्या सायकलीनंतरचे १० किलोमीटर धावणे ७३ अंशांच्या तुलनेत सरस झाल्याचे आढळले. अभ्यास थोड्याच खेळाडूंवर झाला होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण खुब्याचा कोन मोकळा राहिल्यास पुढे पाय मोकळे पडतात, हे पटण्यासारखे आहे.

इथे आमच्या तरुणाची चूक कोठे झाली ते पाहू. नवी सायकल घरी आल्यावर त्याने टेप घेतला, रोड सायकलच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली आणि ट्रायथलॉन सायकलची सीट तितक्याच उंचीवर आवळली. वरवर पाहता यात वावगे काय? पण पाय जमिनीपर्यंत पोचवायचा नसतो, पेडलपर्यंत पोचवायचा असतो. अंगणात आम्ही गवंड्याचा ओळंबा सीटवरून सोडला आणि शाळेतील त्रिकोणमिती आठवून हिशेब मांडला. क्रँकच्या मध्यापासून ७२.४ सेंटिमीटरवरची सीट ७३ अंशांच्या नळीवर असेल, तर ती क्रँकच्या २१.२ सेंटिमीटर मागे व ६९.२ सेंटिमीटर वर असते. तेच अंतर ७८ अंशांवर ठेवायचे तर ती १५ सेंटिमीटर मागे आणि ७०.८ सेंटिमीटर वर हवी. म्हणजे सीट सहा सेंटिमीटर पुढे गेली, तर तिने दीड सेंटिमीटरहून थोडे अधिक वरही गेले पाहिजे. त्याने ती नुसती पुढे नेली होती. पायाच्या दृष्टीने सीट सुमारे दीड सेंटिमीटर खाली आली, आणि टेप मात्र उंची तीच दाखवत राहिला.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. क्रँकवर कोरलेले आकडे पाहिले. रोड सायकलचा क्रँक १७२.५ मिलिमीटरचा आणि ट्रायथलॉन सायकलचा १६५ चा होता. आखूड क्रँकने पेडलचे वर्तुळ लहान होते. वरच्या टप्प्यात मांडी कमी उचलावी लागते, म्हणून आडव्या पाठीच्या बैठकीत तो सोयीचा पडतो. क्रँक आखूड केल्याने जोर कमी होतो ही भीती फारशी खरी नाही. मार्टिन व स्पिरडुसो यांनी २००१ मध्ये १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक तपासले, तेव्हा कमाल शक्तीतील फरक अवघा चार टक्क्यांच्या आसपास निघाला. परंतु क्रँक साडेसात मिलिमीटरने आखूड झाला की खालचे पेडल तेवढेच वर येते, आणि सीटही तेवढीच वर न्यावी लागते. लेमाँडच्या सूत्रात क्रँकच्या लांबीचा विचार नाही. पेडलच्या आसापासून मोजणाऱ्या १०९ टक्क्यांच्या रीतीत तो आपसूक येतो. दीड सेंटिमीटर व पाऊण सेंटिमीटर मिळून सीट सव्वादोन सेंटिमीटर खाली होती. सीटच्या दांड्यावर जुन्या पकडीची खूण राहिली होती, तेथे सीट आणून कोन मोजला तो ४२ अंश भरला. नंतर त्याने केलेल्या दोन इंचांच्या वाढीवर मोजला, तर १८ अंश. तोही टाच उचलून. केसपेपरवरच्या दोन्ही तक्रारींचा उलगडा गोनिओमीटरने पाच मिनिटांत केला.

मग हिशेबाने यावी तेवढीच, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर सीट जुन्या खुणेपासून वर नेऊन मोकळे व्हावे की नाही? येथे माझे मत असे, की थोडे अलीकडे थांबावे. तसबीर खिळ्याभोवती फिरवण्याची उपमा कागदावर शोभते. माणसाचे शरीर इतके प्रामाणिकपणे फिरत नाही. कोपरांवर टेकल्यावर कटी पुढे झुकते, तिच्या मागच्या हाडाला जोडलेली हॅमस्ट्रिंग वरच्या टोकाने ताणली जाते, आणि गुडघ्याच्या त्याच कोनाला ती रोड सायकलपेक्षा अधिक ओढलेली असते. आपल्याकडे बहुतेक प्रौढ पुरुषांची हॅमस्ट्रिंग मुळातच आखूड. पाय सरळ ठेवून बोटे टेकवून पाहावीत, म्हणजे प्रचीती येईल. दुसरी बाब बसण्याच्या जागेची. रोड सायकलवर स्वार सीटच्या रुंद भागावर बसतो. ट्रायथलॉनमध्ये तो नकळत सीटच्या नाकावर सरकतो. तेव्हा सीटच्या मध्यापर्यंत टेप लावून काही उपयोग नाही. ज्या बिंदूवर माणूस प्रत्यक्ष बसतो त्या बिंदूपर्यंत मोजले पाहिजे. आम्ही त्याला पंधरा मिनिटे स्टँडवर सायकल चालवू दिली, घाम येऊन तो आपल्या जागेवर स्थिरावल्यावर खडूने खूण केली आणि मग मोजले. शेवटी जुन्या खुणेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी वर सीट पक्की केली. क्रँकपासून अंतर ७२.८, कोन ३३ अंश. सीट वर गेल्याने कोपरांच्या गाद्या तुलनेने खाली पडल्या होत्या, त्याही तेवढ्याच वर घेतल्या. नाही तर खुब्याचा कोन पुन्हा मिटला असता आणि मानेवर ताण आला असता. मान हा लांब पल्ल्याच्या स्वाराचा कच्चा दुवा आहे. अमेरिकेच्या त्या शर्यतीत मानेचे स्नायू थकून डोके उचलणेच अशक्य होते, त्या अवस्थेला मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या नावाने 'शर्मर्स नेक' म्हणतात.

एक तक्रार रुग्ण आपण होऊन सांगत नाही, ती विचारावी लागते. नाकावर बसून कटी पुढे झुकली की शरीराचा भार बसण्याच्या हाडांवरून सरकून जांघेच्या मधल्या मऊ भागावर येतो. तेथून प्युडेंडल शीर व रक्तवाहिन्या जातात. परिणामी बधिरपणा येतो आणि तो लपवला जातो. आमच्या तरुणानेही रविवारी, वडील चहा आणायला आत गेले असता, हळूच सांगितला. सीट फार वर असेल तर हा दाब वाढतो, आणि तिचे नाक वर उचललेले असेल तर अधिकच. मध्ये फट असलेल्या किंवा नाक दुभंगलेल्या सीटा यासाठीच निघाल्या आहेत. अमेरिकेतील सायकलवरच्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटा देऊन केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बधिरपणाच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या होत्या. तेव्हा बधिरपणा हा शौर्याचा भाग आहे अशी समजूत स्वारांमध्ये असल्यास ती आपण डॉक्टरांनी मोडली पाहिजे.

ज्यांच्याजवळ एकच रोड सायकल आहे त्यांनी तिच्यावर नुसते कोपरांचे हँडल चढवू नये. चढवायचेच असेल तर सीट रुळांवर पुढे घ्यावी, आणि वरच्या हिशेबाने प्रत्येक दोन सेंटिमीटरला साधारण अर्धा सेंटिमीटर वर करावी. पुन्हा घाटात जायचे तर ती मागे आणावी. सिल्लेवानीच्या चढावर वाऱ्याचा प्रश्न नसतो; तेथे मागे बसून, छाती उघडून दम घेत चढायचे असते आणि रोड सायकलची बैठक त्यालाच बनलेली आहे. शिवाय कोपरांवर टेकलेल्या स्वाराचे हात ब्रेकवर नसतात. छिंदवाडा–नागपूर रस्त्यावरची ट्रकची ये-जा, कापसाच्या हंगामातील गाड्या आणि अचानक आडवी येणारी गुरे ध्यानात घेता, ती बैठक मोकळ्या सरळ पट्ट्यापुरतीच ठेवावी असे मी प्रत्येकाला बजावतो. पोटापाण्याचे मोजमाप करून दिलेली गुडघ्याची शाबुती एका म्हशीपुढे टिकत नाही.

हे सर्व वाचून, हे श्रीमंतांच्या खेळाचे पुराण आम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. त्या रविवारनंतर मी शाळेच्या सायकलींकडेही पाहू लागलो. मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून मिळालेल्या सायकलींवर मुली दोन-दोन, तीन-तीन कोस शाळेत येतात. सीट अगदी खाली बसवलेली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ही आईची अट. सहावीत ते ठीक. पण मुलगी वाढते आणि सीट वाढत नाही. नववी-दहावीपर्यंत गुडघे हँडलला लागू लागतात आणि 'गुडघे दुखतात' म्हणून ती आपल्याकडे येते. वाढत्या वयात नडगीच्या वरच्या टोकावरील उंचवटा दुखतो तो विकार निराळा, तो तपासून वगळला पाहिजे. पण तो नसेल, तर औषध चौकातल्या सायकलवाल्याच्या पान्यात आहे. उतरताना पायाचा चवडा टेकला तरी पुरे, दोन्ही टाचा टेकण्याची गरज नाही, एवढे आईला समजावले म्हणजे झाले. अशा चार मुलींच्या सीटा मी चढवून दिल्या. तिघींची तक्रार गेली, चौथीची आईने पुन्हा खाली केली.

आमचा तरुण गोव्याला जाऊन आला. किती वेळ लागला ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मुक्कामाच्या ठिकाणचे दोन जिने दुसऱ्या दिवशी कठडा न धरता उतरलो, एवढेच सांगितले. मी समाधान पावलो. त्यानंतर सहा महिन्यांनी तो पुन्हा दवाखान्यात हजर. घाट चढताना गुडघ्याच्या मागे ओढ लागते आणि कंबर धरते, अशी तक्रार होती. आता मी शहाणा झालो होतो. एक्स-रे न काढता विचारले, कोणत्या सायकलवर? म्हणाला, रोडच्या. सीट हलवली होती का? तर हो. ट्रायथलॉनची बैठक इतकी चांगली जमली, की जुन्या सायकललाही तेच माप द्यावे असे त्याला वाटले होते. मी म्हणालो, "जमिनीपासून मोजलं असशील." तो हसला, आणि सायकल बाहेरच उभी होती म्हणून दोन सेंटिमीटर खाली घ्यायला पाना आणायला गेला.